भारताचं नागरिकत्व सोडताय? शपथेआधी काय, नंतर काय, आणि गावच्या सातबाऱ्याचं काय

सरकारने संसदेत दिलेले आकडे बघा. भारताचं नागरिकत्व सोडणारे २०२२ मध्ये २,२५,६२०, २०२३ मध्ये २,१६,२१९ आणि २०२४ मध्ये २,०६,३७८. दरवर्षी एवढी माणसं यातून जातात तरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेच ते प्रश्न फिरत असतात आणि उत्तरं तर विचारूच नका, कोणी म्हणतं जुना पासपोर्ट संपेपर्यंत बिनधास्त वापरा, कोणी म्हणतं ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड) काढलं की दोन्हीकडचे नागरिक. दोन्ही साफ चूक. म्हणून एकदा सगळं बैजवार लिहून काढतोय. उदाहरणं बरीचशी अमेरिकेची आहेत कारण इथली प्रोसेस मला जवळून माहितीये, पण भारताचा कायदा सगळ्यांना तोच, त्यामुळे लंडन, टोरंटो, मेलबर्नवाल्यांनी फक्त फी आणि फॉर्म आपापल्या भारतीय वकिलातीच्या वेबसाइटवर बघून घ्यायचे.

आधी हे डोक्यात पक्कं करा: नागरिकत्व नेमकं जातं कधी

बहुतेकांना वाटतं की आपण पासपोर्ट सरेंडर केला, म्हणजे वकिलातीला देऊन रद्द करून घेतला, की नागरिकत्व जातं. तसं नाहीये. नागरिकत्व कायदा १९५५ चं कलम ९ सांगतं की तुम्ही स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याच क्षणी भारताचं संपलं. अमेरिकेत शपथ घेतली तो दिवस, बस्स. कोणाची सही नको, शिक्का नको, अर्ज नको. सरेंडर सर्टिफिकेट हा फक्त झालेल्या गोष्टीचा कागद आहे, म्हणून "मी अजून सरेंडर केलं नाही म्हणजे मी अजून भारतीय" या म्हणण्याला काही अर्थ नाही. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट तुमच्या नावावर निघाला असेल तर नियमांप्रमाणे तोच पक्का पुरावा धरतात की त्या तारखेच्या आधी तुम्ही तिथलं नागरिकत्व घेतलेलं आहे. वाद घालायला जागाच नाही.

जर्मनीवाल्यांसाठी खास सांगतो, कारण हा गोंधळ सध्या फार आहे. २७ जून २०२४ पासून जर्मनीने दुहेरी नागरिकत्वाला परवानगी दिली, म्हणजे जर्मनी तुम्हाला आधीचं सोडा असं म्हणत नाही. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे जर्मन झालात की भारताकडून तुमचं गेलंच. जर्मनीची हरकत नसल्याने इथे काडीचाही फरक पडत नाही.

दुसरा रस्ता कलम ८ चा, तो उलट्या क्रमाचा. सिंगापूरसारखे देश आधी तत्त्वतः मंजुरी देतात आणि म्हणतात की आधीचं नागरिकत्व सोडल्याचा कागद आणा. तिथे तुम्ही अजून भारतीय असताना फॉर्म २२ भरून नागरिकत्व सोडत असल्याचं डिक्लेरेशन देता आणि त्याची नोंद झाली की नागरिकत्व जातं. यात मधल्या मध्ये तुम्ही कुठल्याच देशाचे नाही अशी अवस्था येऊ शकते, म्हणून त्या देशाचं मंजुरीचं पत्र हातात असल्याशिवाय फॉर्म २२ ला हात लावायचा नाही. कायद्यात एक गमतीशीर तरतूदही आहे, भारत युद्धात असताना असं डिक्लेरेशन दिलं तर केंद्र सरकार सांगेपर्यंत त्याची नोंद रोखून धरतात.

शपथेच्या आधी करून ठेवायची कामं

माझ्या मते सगळा खेळ क्रमाचा आहे. शपथेनंतर काही आठवडे, कधी कधी काही महिने असे जातात की भारतीय पासपोर्ट चालत नाही, ग्रीन कार्ड समारंभातच परत घेतलेलं असतं, नवा पासपोर्ट आलेला नसतो आणि ओसीआय तर लांबच. त्या काळात घरून फोन आला की आईला अ‍ॅडमिट केलंय, तर काय करणार? म्हणून घरी कोणाचं ऑपरेशन, लग्न, जमिनीची नोंदणी असं काही ठरलेलं असेल तर ते उरकून या आणि मग शपथेची तारीख घ्या, किंवा तारीख आलीच असेल तर पुढे ढकलता येते का ते विचारा.

नावाचं बघा. हे आपल्या मराठी लोकांना जास्त नडतं. आपलं मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि अमेरिकेत नागरिकत्वाच्या अर्जातच नाव बदलायची सोय असते, मग लोक हौसेने मधलं नाव उडवतात, किंवा लग्नानंतरही पासपोर्टवर माहेरचं नाव असलेल्या बायका इथे एकदम सासरचं आडनाव लावतात. इथे छान सुटसुटीत होतं, पण तिकडे फ्लॅटच्या अ‍ॅग्रीमेंटवर, पॅनवर, सातबाऱ्यावर, बँकेत जुनं तीन पदरी नाव बसलेलं असतं. मग प्रत्येक ठिकाणी "ही तीच व्यक्ती" असं अ‍ॅफिडेव्हिट. बदलायचंच असेल तर बदला, पण नाव बदलल्याचा कोर्टाचा कागद जपून ठेवा, त्याच्या दोन-चार प्रती काढा आणि आधी विचार करा की खरंच गरज आहे का.

कुलमुखत्यारपत्र लागणार असेल तर भारतात असतानाच करून घेणं सगळ्यात सोपं. परदेशातून करायचं तर वकिलातीत साक्षांकित करा किंवा तिथल्या नोटरीकडून करून अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून लागणारा सरकारी दाखला) घ्या, आणि तो कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं. हे तीन महिने लोक हमखास विसरतात आणि मग रजिस्ट्रार ऑफिसात कागद परत येतो.

शपथेच्या दिवशी आणि लगेच नंतर

नॅचरलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे अमेरिकेचं नागरिकत्व मिळाल्याचा कागद, मिळालं की आधी त्यावरचं नाव, जन्मतारीख, स्पेलिंग तिथल्या तिथे वाचा. घरी गेलात की पहिलं काम म्हणजे दोन्ही बाजूंचे चांगले रंगीत स्कॅन. कारण अमेरिकन पासपोर्टच्या अर्जासोबत ओरिजिनल सर्टिफिकेट पाठवावं लागतं, ते नंतर वेगळ्या पाकिटाने परत येतं आणि तोपर्यंत तुमच्याकडे दाखवायला काहीच नसतं. सर्टिफिकेटवर कॉपी काढण्याबद्दल इशारा छापलेला असतो, तो वाचून लोक घाबरतात. कायदेशीर कामासाठी कॉपी काढायला हरकत नाही, भारताच्या सरेंडरलाच ती मागतात.

पासपोर्ट अर्जंट हवा असेल तर १४ दिवसांच्या आत परदेश प्रवास असणाऱ्यांना पासपोर्ट एजन्सीत अपॉइंटमेंट मिळते. नवा पासपोर्ट हातात आला की ओसीआय येईपर्यंत भारतात जायला ई-व्हिसा किंवा वकिलातीकडून व्हिसा. फॉर्ममध्ये आधीचं नागरिकत्व विचारतात तिथे सरळ खरं लिहायचं.

आणि हो, भारतीय पासपोर्टवर भारतात जाऊन अमेरिकन पासपोर्टवर परत यायची आयडिया कोणी दिली तर त्याला हात जोडा. मुंबई एअरपोर्टवर परत निघताना इमिग्रेशनवाला विचारणार की अमेरिकेचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड दाखवा, तेव्हा खिशातून अमेरिकन पासपोर्ट काढलात की सगळं उघड. नंतर सरेंडरच्या वेळीही असा प्रवास केला होता का हे विचारतात आणि त्याचा दंड लागतो. नागरिकत्व गेल्यावर ते लपवून नवा भारतीय पासपोर्ट काढला तर पासपोर्ट कायद्यात १ ते ५ वर्षं कैद आणि १०,००० ते ५०,००० रुपये दंड आहे, म्हणजे "रिन्यू करून ठेवू, असू दे" हा प्रकार अजिबात नको.

सरेंडर

ऑनलाइन फॉर्म भरायचा, प्रिंट काढायची, सही करायची आणि अमेरिकेत व्हीएफएसकडे (वकिलातीसाठी अर्ज घेणारी कंपनी) पोस्टाने किंवा प्रत्यक्ष जाऊन द्यायची. सोबत शेवटचा भारतीय पासपोर्ट ओरिजिनल, नव्या पासपोर्टची कॉपी, नॅचरलायझेशन सर्टिफिकेटची कॉपी, पत्त्याचा पुरावा, २ बाय २ इंचाचे फोटो. ज्यांनी १ जून २०१० च्या आधी दुसरं नागरिकत्व घेतलं त्यांची फी आणि कागद वेगळे आहेत, वरिष्ठ मंडळींनी तेवढं बघावं. पासपोर्ट हरवला असेल तर पोलीस रिपोर्ट आणि अ‍ॅफिडेव्हिट, जुन्या पासपोर्टची झेरॉक्स कुठे सापडली तर सोन्याहून पिवळं.

रद्द केलेला पासपोर्ट शिक्का मारून परत येतो. तो टाकू नका! ओसीआयसाठी तुम्ही मूळचे भारतीय हे दाखवायला तोच लागतो आणि पुढे तुमच्या मुलांच्या ओसीआयलाही तोच पुरावा. सरेंडर सर्टिफिकेटचंही तसंच, एकदाच मिळणारा कागद आहे, लॅमिनेट वगैरे करू नका, फोल्डरमध्ये ठेवा.

सरेंडर लांबवण्यात काही हशील नाही. वर्षानुवर्षं पासपोर्ट तसाच ठेवला तर त्याचाही दंड होतो.

ओसीआय: काय मिळतं आणि काय नाही

ओसीआय म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा आणि वर थोड्या सवलती, एवढंच समजा. परदेशातून अर्जाची फी २७५ डॉलर, भारतात राहून केला तर १५,००० रुपये. फॉर्म ऑनलाइन, फोटो आणि सही अपलोड करावी लागते आणि सगळ्यात जास्त अर्ज तिथेच अडकतात, फोटोची पार्श्वभूमी, सहीचा आकार, पासपोर्टवरचं नाव आणि फॉर्ममधलं नाव यात एका अक्षराचा फरक. लहान मुलांचा अंगठा चालतो.

तुम्ही, आईवडील, आजीआजोबा किंवा पणजोबांपैकी कोणी कधीही पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक असतील तर ओसीआय मिळत नाही. जोडीदार परदेशी असेल तर लग्न नोंदणीकृत आणि सलग दोन वर्षं टिकलेलं हवं, आणि घटस्फोट झाला तर जोडीदार म्हणून मिळालेलं कार्ड जातं.

मिळतं काय, तर कितीही दिवस राहा, परदेशी म्हणून पोलिसात नोंद करायला नको, देशांतर्गत विमानभाडं आणि अजिंठा-वेरूळचं तिकीट भारतीयांच्या दराने. नोकरी, धंदा चालतो. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, सीए यांना आपापल्या कायद्याच्या अटी पाळून प्रॅक्टिसही करता येते.

मिळत नाही ते बघा. मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी साधारणपणे नाही. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर संशोधन, पत्रकारिता, मिशनरी काम, गिर्यारोहण यासाठी वेगळी परवानगी लागते. याच अधिसूचनेने नीट, जेईईसारख्या परीक्षांना बसता येतं पण प्रवेश एनआरआयच्या (परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांच्या) जागांवर. ज्यांची मुलं परत येऊन पुण्यात एमबीबीएस करणार असं स्वप्न आहे त्यांनी फीचा हिशोब आजच करावा, कारण हा परिणाम सगळ्यात महाग पडतो आणि शपथेच्या वेळी कोणाच्या डोक्यातही नसतो. आणि ऑगस्ट २०२५ पासून २ वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली, किंवा ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात नुसतं आरोपपत्र दाखल झालं, तरी ओसीआय रद्द होऊ शकतं. आरोपपत्रावर कार्ड जाणं मला तरी पटत नाही, पण नियम तसा आहे.

कार्ड पुन्हा काढायचं फक्त एकदा, वय २० पूर्ण झाल्यावर नवा पासपोर्ट निघेल तेव्हा. बाकी २० च्या आत प्रत्येक नव्या पासपोर्टनंतर आणि ५० नंतर एकदा, तीन महिन्यांच्या आत फोटो आणि पासपोर्ट फुकटात अपलोड करायचा.

आता भारतातले व्यवहार

मतदार यादीतून नाव काढा, फॉर्म ७ भरून. "राहू दे ना, काय होतंय" म्हणणारे खूप आहेत, पण परदेशी नागरिकाचं नाव यादीत राहणं बेकायदा आहे आणि गावच्या निवडणुकीत कोणी खुन्नस काढायची ठरवली तर आयता मुद्दा मिळतो. पॅन तोच चालू राहतो, नवा काढायचा नाही, फक्त माहिती अपडेट करा. आधार मुळात राहणाऱ्यांसाठी आहे, ओसीआयवाल्याला मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात काढलेले असतील तरच काढता येतं.

बँकेचं लोक नेहमी उलटं समजतात. साधं सेव्हिंग्ज खातं एनआरओ (परदेशात राहणाऱ्यांचं भारतातलं रुपयांतलं खातं) करायचं असतं ते तुम्ही राहायला परदेशी गेलात तेव्हाच, शपथेशी त्याचा संबंध नाही. शपथेनंतर बँकेत फक्त नागरिकत्व आणि पासपोर्टची केवायसी बदलायची. इन्कम टॅक्सचंही तेच, तुम्ही किती दिवस भारतात राहिलात यावर ठरतं. मूळचे भारतीय असलेले परदेशी नागरिक भारतात भेटीला आले तर त्यांना १८२ दिवसांची सवलत आहेच, पण भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर १२० दिवस धरायचे. वर्षातले सहा महिने गावी काढणारे जे रिटायर्ड काका-काकू आहेत त्यांनी बोर्डिंग पास जपून ठेवा.

फ्लॅट घेता येतो, विकता येतो, भाड्याने देता येतो. विकताना खरेदीदाराने तुमचा टीडीएस कापायचा असतो आणि तो रहिवासी विक्रेत्यासारखा १ टक्का नसतो, लाँग टर्म असेल तर १२.५ टक्के आणि वर सेस-सरचार्ज. तोही अनेकदा पूर्ण किमतीवर कापला जातो, म्हणून व्यवहाराआधी इन्कम टॅक्सकडून कमी दराचं सर्टिफिकेट काढा. पैसे एनआरओमध्ये येतात आणि तिथून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, सीएचं सर्टिफिकेट लागतं.

शेतजमिनीवर जरा सविस्तर लिहितो, कारण भाऊबंदकी इथेच पेटते. फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, नियमांप्रमाणे एनआरआय किंवा ओसीआयवाल्याला शेतजमीन, फार्महाऊस, मळ्याची जमीन विकत घेता येत नाही. बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. वारसाने मात्र मिळू शकते. हा फरक लोकांच्या लक्षात येत नाही. ओळखीतल्या एका घरात वडिलांनी ठरवलं की हयातीतच वाटण्या करून टाकू, मुलीला घर आणि अमेरिकेतल्या मुलाला तीन एकर बक्षीसपत्राने. मजकूर तयार, स्टॅम्पसुद्धा आणलेला. वकिलाने मुलाचं ओसीआय बघितलं आणि थांबवलं. शेवटी बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्र केलं, म्हणजे जमीन वडिलांच्या नावावरच राहिली आणि पुढे वारसाने जाईल. आणि हे लक्षात घ्या की तो मुलगा भारतीय पासपोर्टवर अमेरिकेत असता तरी बक्षीसपत्र चाललं नसतंच, कारण बंधन अनिवासी असण्याचं आहे. शपथेने यात नवीन एकच भर पडते, शपथ झाली आणि ओसीआय हातात नाही अशा मधल्या काळात तुम्ही नियमांच्या दृष्टीने ना एनआरआय ना ओसीआय, तेव्हा त्या दिवसांत फ्लॅटच्याही खरेदीवर सही करू नका.

वारसाने आलेली जमीन ठेवता येते. विकायची किंवा बक्षीस द्यायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, आणि महाराष्ट्रात कूळ कायद्याच्या कलम ६३ मुळे घेणारा शेतकरी असावा लागतो. नोंदीसाठी वारसाचा अर्ज तलाठ्याकडे किंवा ई-हक्क या सरकारी वेबसाइटवर, मग फेरफार पडतो, नोटिसा निघतात, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. परदेशातल्या वारसाचं नाव "तो आता तिकडचाच" म्हणून गाळायचा प्रयत्न होतो, पण नागरिकत्व गेल्याने वारसा हक्क जात नाही. ओसीआय, रद्द झालेला पासपोर्ट आणि नावात बदल असेल तर त्याचा कागद, एवढं घेऊन मुखत्याराला पाठवा. बहिणीला किंवा भावाला हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं, तलाठ्याकडे दिलेल्या साध्या जबाबावर भागत नाही.

मुलांचं

अमेरिकेत ग्रीन कार्डवर तुमच्यासोबत राहणारं १८ च्या आतलं मूल, आई किंवा वडील नागरिक झाले की आपोआप नागरिक होतं. त्याचाही भारतीय पासपोर्ट असेल तर त्याचंही सरेंडर, त्याचंही ओसीआय, म्हणजे चौघांच्या घरात चार फाईली. कलम ८ च्या रस्त्याने पालकाने सोडलं तर अज्ञान मुलाचंही जातं, पण त्या मुलाला सज्ञान झाल्यापासून एक वर्षाच्या आत डिक्लेरेशन देऊन परत भारतीय होता येतं. तारीख कॅलेंडरला टाकून ठेवा.

गोव्याचं वेगळं प्रकरण

१९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेले आणि त्यांचे वंशज लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करून पोर्तुगीज नागरिकत्व घेऊ शकतात, आणि ब्रेक्झिटच्या आधी तर त्याच पासपोर्टवर कितीतरी गोंयकार इंग्लंडमधल्या स्विंडनला जाऊन स्थिरावले. यात पेच असा की अनेकांनी जन्मनोंदणी केली, पोर्तुगीज ओळखपत्रही काढलं, आणि भारतीय पासपोर्ट मात्र वापरत राहिले, मग तो सरेंडर करायला गेल्यावर माहिती लपवली म्हणून पासपोर्टच रद्द झाला. सरेंडर सर्टिफिकेट नाही म्हणून ओसीआय नाही, आणि ओसीआय नाही म्हणून स्वतःच्या घरी यायला व्हिसा. २०२४ मध्ये केंद्राने मार्ग काढला, अशा लोकांना पासपोर्ट रद्द केल्याचा आदेश सरेंडर सर्टिफिकेटच्या जागी जोडता येतो. तरीही एजंट म्हणाला "नुसती जन्मनोंदणी आहे, काय होत नाही" तर सही करायच्या आधी पणजीत किंवा मडगावात नागरिकत्वाचं काम बघणारा वकील गाठा, कारण लिस्बनच्या दृष्टीने त्या नोंदणीने तुम्ही पोर्तुगीज झालेले असता.

परत यायचं असेल तर

रस्ता आहे, पण झटपट नाही. ओसीआय घेऊन पाच वर्षं झालेली असतील आणि अर्जाआधीचे बारा महिने भारतात राहिलात तर कलम ५ खाली नोंदणीने नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. स्वतः किंवा आईवडिलांपैकी कोणी आधी भारतीय नागरिक होतं अशांसाठीही त्याच कलमात बारा महिन्यांच्या वास्तव्याची वेगळी तरतूद आहे. अर्ज ऑनलाइन, चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत, आणि शेवटी परदेशी नागरिकत्व सोडावं लागतं. त्यामुळे त्या देशाकडे पेन्शन, सोशल सिक्युरिटी, हेल्थ इन्शुरन्स असं काही अडकलेलं असेल तर अर्जाच्या आधी तिकडचा टॅक्सवाला गाठा, आणि अमेरिका असेल तर दुप्पट काळजीने, कारण तिथे नागरिकत्व सोडतानाही टॅक्सचा वेगळा हिशोब द्यावा लागतो.